नळ बंद असताना काटा बघा

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की आरव्ही भाड्याने घेऊन निघणाऱ्यांत आता मराठी कुटुंबंही बरीच दिसतात. भारतातून आलेले आजी-आजोबा, शाळेला सुट्टी असलेली मुलं, आणि ओटा, संडास, बाथरूम, बिछाने असं सगळं घर चाकांवर घेऊन फिरणारी गाडी. कॅम्पग्राउंडवर ठरलेल्या जागी ती लावायची, विजेची केबल जोडायची, पाण्याचा पाईप जोडायचा, की बिऱ्हाड थाटलं. पहिल्याच संध्याकाळी आंघोळीला गेलेल्याची आतून हाक येते, "अहो, पाण्याला जोरच नाही!" मग कोणी तरी बाहेर जातं, नळाच्या तोंडाशी बसवलेला, पाण्याचा दाब आवरणारा पितळी रेग्युलेटर काढून ठेवतं आणि पाईप थेट नळाला जोडतं. शॉवर धो धो वाहू लागतो. दुरुस्ती झाली, असं सगळ्यांना वाटतं.

ती दुरुस्ती नव्हे. आरव्हीतली पाण्याची सगळी व्यवस्था ज्या वस्तूच्या भरवशावर असते, तीच काढून टाकलेली असते. बारीक धारेचा दोष बहुतेक वेळा रेग्युलेटरचा नसतो. आणि रेग्युलेटर खरोखर बिघडतो, तेव्हा धार पुष्कळदा उत्तम चालू असते. तो बिघाड दिसतो सगळे नळ बंद असताना. मध्यरात्री, किंवा घरचे सगळे दरी बघायला गेलेले असताना. त्यामुळे शॉवरखाली उभं राहून रेग्युलेटरची परीक्षा होत नाही. त्यासाठी प्रेशर गेज लागतं, आणि त्याचा काटा केव्हा बघायचा हे ठाऊक असावं लागतं.

आरव्हीत पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट गाडीच्या पोटातल्या टाकीतून, १२ व्होल्टच्या छोट्या पंपाने. हा पंप साधारण ४५ ते ५५ पीएसआय दाब झाला की आपोआप थांबतो, म्हणून त्याच्याकडून घातपाताची भीती नाही. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा भार पडतो ते माप. आपल्याकडचे प्लंबर 'किलो'त बोलतात. त्यांचा एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. म्हणजे आरव्हीच्या पंपाचा दाब सव्वातीन ते पावणेचार किलोच्या आसपास. दुसरी वाट कॅम्पग्राउंडच्या नळाची. गाडीच्या कुशीला एक तोंड असतं, तिथे पाईप लावला की पाणी टाकी आणि पंप दोघांनाही वगळून थेट आतल्या नळांना जातं. या वाटेवर दाबाला वरची मर्यादा घालणारं सहसा कोणी नसतं. ती मर्यादा आपणच घालायची.

कॅम्पग्राउंडच्या नळाला किती दाब असेल याचा अंदाज बाहेरून येत नाही. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांप्रमाणे घरात येणाऱ्या पाण्याचा दाब ८० पीएसआयच्या वर असेल तर रेग्युलेटर बसवावाच लागतो. पण आरव्हीच्या जागेवरचा नळ घरात नसतो, तो मोकळ्या मैदानात उभा असतो. डोंगराळ भागात पाण्याची टाकी टेकडीवर असते आणि उंचीच्या दर १०० फुटांमागे ४३ पीएसआय दाब वाढतो. टाकी २५० फूट वर असेल, तर खालच्या नळाला १०८ पीएसआय मिळणार, म्हणजे साडेसात किलोच्या वर. त्यात संध्याकाळी शंभर गाड्यांमध्ये आंघोळी आणि भांडी चालू असतात तेव्हा नळांतला दाब उतरतो, आणि रात्री दोन वाजता कोणीच पाणी वापरत नसतं तेव्हा तो पूर्ण चढतो. संध्याकाळी शॉवर बघून ठरवलेली गोष्ट रात्री खरी राहत नाही.

आरव्हीतले पाईप तसे कच्चे नसतात. हल्ली सगळीकडे वापरला जाणारा पेक्स पाईप साध्या तापमानाला १६० पीएसआयपर्यंत आणि ८२ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात १०० पीएसआयपर्यंतचा दाब घ्यायला बनवलेला असतो. पण व्यवस्था पाईपात फुटत नाही, ती सांध्यांत फुटते. संडासाच्या मागचा प्लास्टिकचा झडपसांधा, पाण्याच्या फिल्टरची डबी, शॉवरचं प्लास्टिकचं मिक्सर, ओट्याखालचा हाताने आवळलेला नट या जागा आधी हार मानतात. १९९५ च्या आधीच्या गाड्यांत करड्या रंगाचा पॉलिब्युटिलिनचा पाईप असू शकतो. घरांतही तो फुटण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत त्यावर मोठा सामूहिक दावा चालला आणि पाईप बाजारातून गेला. अशी जुनी गाडी असेल, तर दाबाची काळजी दुप्पट घ्या. घरात पाणी गळलं तर फरशीवर दिसतं. आरव्हीची जमीन आणि भिंती प्लायवूडच्या. पाणी आधी त्यांत मुरतं आणि महिन्यांनी फुगवटा येतो तेव्हा कळतं.

आत काय चालतं

आपल्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट सगळ्यांनी पाहिलेला असतो. टाकीत पाणी चढलं की गोळा वर येतो आणि दांडीच्या टोकाची झडप बंद होते; पाणी उतरलं की गोळा खाली येतो, झडप उघडते. रेग्युलेटर नेमकं तेच करतो, फक्त पाण्याच्या पातळीऐवजी दाबावर. त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला गाडीकडे जाणारं पाणी. स्प्रिंग झडप उघडी ठेवायला बघते आणि पाण्याचा दाब ती बंद करायला. आत कोणी नळ उघडला की गाडीकडचा दाब उतरतो, स्प्रिंग जिंकते, पाणी येतं. नळ बंद केला की दाब चढत जातो, पडदा स्प्रिंगला मागे रेटतो आणि झडप आपल्या पितळी बैठकीवर बसते.

या रचनेत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रेग्युलेटर जो दाब जोखतो तो गाडीकडचा, म्हणजे आपल्या पुढचा. मागे नळाला ६० पीएसआय आहे की १२०, याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. पुढचा दाब ठरल्याइतका झाला की तो दार लावतो. याचाच अर्थ असा की तो दाब फक्त कमी करू शकतो. नळालाच ३० पीएसआय असेल, तर रेग्युलेटरचा स्क्रू कितीही पिळला तरी ३१ होणार नाहीत. पण अशा वेळी रेग्युलेटरशी झटापट करणारे लोक प्रत्येक कॅम्पग्राउंडवर दिसतात.

फ्लोटची तुलना आणखी एका ठिकाणी कामाला येते. फ्लोटच्या झडपेखाली वाळूचा कण अडकला तर टाकी भरली तरी पाणी थेंब थेंब येतच राहतं, आणि सकाळी गच्चीवरून पाणी वाहताना दिसतं. रेग्युलेटरच्या बैठकीवर कण अडकला तरी हेच होतं. फक्त आरव्हीत ओसंडून जायला वाट नसते. सगळे नळ बंद, पाणी थेंबाथेंबाने आत येत राहतं आणि दाब चढत जातो. तास-दोन तासांत तो नळाच्या मूळ दाबाला जाऊन भिडतो. रेग्युलेटर जागेवर असूनही नसल्यासारखा. हा रेग्युलेटरचा खरा आजार, आणि शॉवरखाली त्याचा पत्ता लागत नाही, कारण शॉवर उघडला की चढलेला दाब क्षणात उतरून जातो.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक अंगठ्याएवढ्या जाडीची पितळी नळी. तिचा दाब कारखान्यातच ४० ते ५० पीएसआयच्या दरम्यान ठरवून दिलेला असतो, ती उघडता येत नाही, बदलता येत नाही. ती स्वस्त असते, भाड्याच्या गाडीबरोबर बहुधा हीच येते. तिच्यातली वाट अरुंद असल्याने दोन नळ एकदम उघडले की धार मार खाते. दुसरा प्रकार मोठ्या पडद्याचा, स्क्रूने दाब बदलता येणारा, अंगावरच गेज असलेला, आत शिरतानाच्या तोंडाशी जाळी असलेला. वर्षातून एखाद-दुसरी सहल असेल तर छोट्या नळीवर भागतं. स्वतःची आरव्ही घेतली असेल, तर मात्र दुसराच घ्या. यात मला शंका नाही. त्याच्यातून धारही जास्त मिळते, आणि मुख्य म्हणजे तो काय करतोय ते दिसतं.

पितळी वस्तू घेताना वेष्टनावर ती शिसेमुक्त आहे ना, एवढं वाचा. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या जोडण्यांत पाण्याला लागणाऱ्या भागांतलं शिशाचं सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्यांच्या वर चालत नाही. त्याआधी ८ टक्क्यांपर्यंत चालायचं. जुन्या गाडीबरोबर मिळालेला, वर्षानुवर्षं कप्प्यात पडलेला रेग्युलेटर या एका कारणासाठीही बदलावा.

तीन ठिकाणचा काटा

आता तपासणी. बागेच्या नळाचे आटे असलेलं साधं प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते अमेरिकेतच घ्या. तिथल्या पाऊण इंची नळाच्या आट्यांची मोजणी वेगळी असल्याने भारतातून नेलेलं गेज त्यावर बसत नाही. बरोबर एक पितळी वाय जोड घ्या, म्हणजे एका फाट्यावर गेज आणि दुसऱ्यावर पाईप लावता येतो. हे आटे टेफ्लॉन टेपने बंद होत नाहीत. आतला रबरी वॉशर पाणी अडवतो. आपल्याकडच्या सवयीने टेप गुंडाळून पान्याने आवळणारे वॉशर चेंदून ठेवतात आणि मग गळतं. वॉशर चांगला असेल तर हाताने आवळलेलं पुरतं.

पहिलं वाचन रेग्युलेटरच्या मागे घ्या, म्हणजे नळावर. रेग्युलेटर न लावता गेज थेट नळाला लावा, नळ पूर्ण उघडा, काटा वाचा. हा त्या जागेचा मूळ दाब. तो ४० च्या खाली असेल तर शोध तिथेच संपला; कॅम्पग्राउंडचंच पाणी कमी आहे. अशा वेळी नळावरून गाडीतली टाकी भरून घ्या आणि पंपावर राहा. पंपाला नळाच्या दाबाची गरज नसते. हा उपाय इतका साधा असून फार थोड्यांना सुचतो.

दुसरं वाचन रेग्युलेटरच्या पुढे, सगळे नळ बंद असताना. इथे ४०-५० दिसायला हवेत. तिसरं वाचनही रेग्युलेटरच्या पुढेच, पण आत कोणाला तरी शॉवर पूर्ण उघडायला सांगून. धार चालू झाली की काटा थोडा उतरणारच. ४५ चे ३५ झाले तर ते नेहमीचं आहे. पडदा हलायला, झडप उघडायला तेवढा फरक लागतोच.

आता या वाचनांवरून दोष कुठे आहे ते जवळजवळ नेमकं कळतं. शॉवर चालू असताना रेग्युलेटरच्या पुढचा काटा ४० वर ठाम आहे आणि तरी शॉवर रडतोय? मग अडथळा त्याच्याही पुढे आहे, गाडीच्या आत किंवा फिल्टरमध्ये, रेग्युलेटर निर्दोष. पुढचा काटा १५ वर कोसळतो, पण त्याच वेळी वाय जोडाने मागे लावलेलं गेज ६० दाखवतंय? मग रेग्युलेटरची जाळी किंवा झडप तुंबलेली आहे. पुढचा आणि मागचा दोन्ही काटे एकत्र कोसळतात? मग नळच कमी पाणी देतोय. तीन उत्तरं, आणि स्क्रू-ड्रायव्हरला अजून हातही लावलेला नाही.

नळच कमी पाणी देत असेल तर कॅम्पग्राउंडवरच्या खांबासारख्या नळाची दांडी बघा. थंड प्रदेशातल्या या खांबांची झडप जमिनीखाली, गोठणाऱ्या थराच्याही खाली असते. दांडी खाली केली की झडप बंद होते आणि खांबात उरलेलं पाणी बुडाच्या भोकातून जमिनीत निचरून जातं, म्हणजे हिवाळ्यात खांब फुटत नाही. पण दांडी अर्धीच उचलली तर झडप अर्धी उघडी आणि निचऱ्याचं भोकही थोडं उघडं राहतं. निम्मं पाणी जमिनीत जातं आणि निम्मं तुमच्याकडे येतं. दांडी एक तर पूर्ण वर, नाही तर पूर्ण खाली.

दोष गाडीच्या बाजूला असेल तर आधी गाडीच्या कुशीतल्या तोंडात बघा. तिथे नाण्याएवढा जाळीदार वॉशर असतो. पाईप काढा, टॉर्च मारा. करड्या वाळूचा, गंजाच्या कणांचा थर दिसेल. नखाने किंवा टोकदार वस्तूने हलकेच उचकटून जाळी बाहेर काढा, जुन्या टूथब्रशने धुवा, परत बसवा. जाळी काढलेली असताना आतला पांढरा दट्ट्या बोटाने दाबून बघू नका; त्याच्यामागे पाणी अडलेलं असतं आणि ते तोंडावर येतं. बारीक धारेच्या तक्रारींत मी ज्या एका जागेकडे सगळ्यात आधी जाईन ती ही. तिच्यानंतर फिल्टर. फिल्टरची कांडी काढून, रिकामी डबी बसवून शॉवर उघडा. जोर परत आला तर कांडी संपली आहे. मग शॉवरची झारी आणि नळांच्या तोंडच्या जाळ्या. ॲरिझोना आणि टेक्सासचं पाणी जड असतं, पांढरा चुना साचतो. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्या की सकाळी मोकळ्या होतात. आणि फक्त गरम पाणीच बारीक येत असेल तर वरच्या कशालाच हात लावू नका. हिवाळ्यात हीटर वगळण्यासाठी दिलेली झडप अर्धवट फिरलेली असते, ती नीट फिरवा.

एक लबाड दोष वेगळा सांगतो. शॉवर बारीक, रेग्युलेटर ठीक, फिल्टर नवा, आणि गाडीच्या खाली पाण्याचं तळं. लोक पाईप फुटला म्हणून घाबरतात. खरं कारण पंपात असतं. पंपात पाणी उलटं जाऊ नये म्हणून एक एकदिशा झडप असते. ती बसत नसेल, तर नळाचं पाणी पंपातून उलटं टाकीत शिरतं, टाकी भरते आणि ओसंडून खाली गळते. शॉवरच्या वाटणीचं पाणी टाकीत चाललेलं असतं. टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे बघा. नळावर असताना ते आपोआप वर चढत असतील तर दोषी पंप.

आजार ओळखण्याची रात्र

आता खऱ्या बिघाडाकडे. रेग्युलेटर गाडीपासून सोडवा. नळाला रेग्युलेटर, त्याच्या पुढे गेज, आणि त्याच्या पुढचं तोंड टोपण किंवा बंद झडप लावून पक्कं बंद. नळ उघडा. काटा चढेल, समजा ४७ वर थांबेल. तिथे दोन-तीन पीएसआय इकडे तिकडे झाले तर काळजी नाही. झडप घट्ट बसायला थोडा जास्तीचा दाब लागतोच. आता सावलीत अर्धा तास तसंच राहू द्या. परत येऊन बघाल तेव्हा काटा ४७-४८ वरच असेल, तर रेग्युलेटर निरोगी. तो ६० वर गेला असेल आणि तासाने ७५ वर, तर बैठक गळते आहे. असा रेग्युलेटर गाडीला लावायचा नाही, मग शॉवर कितीही सुरेख चालो.

ही परीक्षा गाडी सोडवून घ्यायला सांगतो, त्याला कारण आहे. गाडी जोडलेली असताना काटा चढण्याला दुसरं एक निर्दोष कारण असतं, ते म्हणजे हीटर. बंद व्यवस्थेत पाणी तापलं की फुगतं, आणि गाडीच्या तोंडातली झडप नीट बसत नसेल तर तो दाब मागे गेजपर्यंत येतो. नवा कोरा रेग्युलेटर असला तरी हीटर चालू केल्यावर काटा ४५ वरून ९० वर जाऊ शकतो. हीटरवरची सुरक्षा झडप १५० पीएसआयला किंवा २१० अंश फॅरनहाइटला उघडते, त्यामुळे स्फोट होत नाही. पण तिच्यातून थेंब थेंब गळायला लागतं आणि लोक रेग्युलेटरला दोष देतात. टाकीवाल्या हीटरमध्ये पाण्याच्या वर हवेचा थोडा कप्पा ठेवलेला असतो, तो हे फुगणं झेलतो. कालांतराने ती हवा पाण्याबरोबर निघून जाते. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या, बाहेरचा नळ आणि पंप बंद करा, आतला गरम पाण्याचा नळ उघडून दाब उतरवा, मग सुरक्षा झडपेची दांडी उघडून पाणी थांबेपर्यंत थांबा. हवेचा कप्पा परत तयार होतो. पाणी गरम असताना ही दांडी अजिबात उघडू नका, भाजतं.

बैठक गळते आहे असं ठरलं आणि रेग्युलेटर स्क्रूवाला असेल, तर तो उघडून बघता येतो. नळ बंद, दाब उतरवलेला, रेग्युलेटर हातात मोकळा. आधी स्क्रू किती फेरे मागे येतो ते मोजत पूर्ण सैल करा, म्हणजे स्प्रिंग उडणार नाही आणि परत बसवताना मूळ जागा सापडेल. टोपी उघडा. वर स्प्रिंग, तिच्याखाली रबरी पडदा. तो उचलून उजेडाकडे धरा. कडेला चीर किंवा मध्ये फुगा दिसला तर तो गेला. पडदा फाटल्याची एक खूण न उघडताही दिसते, स्प्रिंगच्या टोपीला असलेल्या बारीक भोकातून पाणी टिपकतं. पडद्याच्या खाली झडपेची छोटी रबरी चकती असते आणि तिच्यासमोर पितळी बैठक. चकतीवर बैठकीचा गोल ठसा उमटलेला असतो, तो उमटणारच. ठशाच्या आत आडवी रेघ आहे का ते बघा. एखादा वाळूचा कण तिथे दाबला गेला की नखाने जाणवेल एवढी रेघ पडते आणि त्या रेघेतून पाणी झिरपतं. कण चिकटलेला असेल तर ओल्या मऊ फडक्याने टिपा. बैठकीवर चुना असेल तर व्हिनेगर. सुरी, सँडपेपर, तारेचा ब्रश काही लावू नका. पितळ मऊ असतं आणि तुम्ही नवी रेघ ओढाल. रबरी कड्यांना पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिनने त्यातले काही रबर फुगतात, ते नको.

चकतीत खोल रेघ असेल आणि तिचा सुटा भाग मिळत नसेल, तर रेग्युलेटर टाकून द्या. पितळी नळीचा प्रकार तर उघडतच नाही, त्यामुळे परीक्षेत नापास झाला की तो कचऱ्यात. दुरुस्त करून बघू, अशी ही वस्तू नाही. तिची किंमत आणि ओल्या झालेल्या प्लायवूडची किंमत यांची बरोबरीच होत नाही.

स्क्रूने दाब बदलताना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की दाब वाढतो, उलट फिरवलं की कमी होतो. पण सगळे नळ बंद ठेवून तुम्ही स्क्रू उलटा फिरवाल, तर काटा जागचा हलणारच नाही. आत अडकलेल्या पाण्याला जायला वाट नाही, मग दाब उतरेल कसा? आतला एखादा नळ क्षणभर उघडून बंद करा, की काटा नव्या जागी येईल. हे ठाऊक नसल्याने लोक स्क्रू फिरवतच राहतात आणि शेवटी शॉवर उघडतात तेव्हा धार गायब झालेली असते. गाडी नवी असो की जुनी, ४५ वर ठेवा. ५५ च्या वर नेण्याची गरज नाही.

वाळूचे कण येतात कुठून? जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर हमखास येतात. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठाला पाणी मिळतं ते उत्तर काठाच्या बाजूला, दरीत खाली असलेल्या रोअरिंग स्प्रिंग्ज झऱ्यांचं. १९६०च्या दशकात टाकलेली साडेबारा मैलांची वाहिनी ते दरी ओलांडून आणते. ही वाहिनी सतत फुटते. ऑगस्ट २०२४ मध्ये तर एकामागून एक चार ठिकाणी फुटली आणि दक्षिण काठावरची हॉटेलं बंद ठेवावी लागली. अशा ठिकाणी, खरं तर कुठल्याही ठिकाणी, पाईप जोडण्याआधी नळ पाच-दहा सेकंद मोकळा सोडा. पहिलं गढूळ पाणी जमिनीवर जाऊ दे. रेग्युलेटरचं आयुष्य वाढवणारा यापेक्षा सोपा उपाय नाही.

रेग्युलेटरची जागा नळाच्या तोंडाशीच. काही जण तो गाडीच्या बाजूला लावतात. त्यात पाईप आणि फिल्टर दोघांनाही नळाचा पूर्ण दाब सोसावा लागतो, आणि उन्हात मऊ पडलेला पाईप फुगून फुटतो. नळ, रेग्युलेटर, पाईप, फिल्टर, गाडी हा क्रम ठेवा. रात्री पाणी गोठण्याएवढी थंडी पडणार असेल तर रेग्युलेटर काढून, झटकून आत घ्या. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि आतला पडदा ते सोसत नाही. हिवाळाभर बाहेरच्या कप्प्यात पडलेला रेग्युलेटर वसंतातल्या पहिल्या सहलीआधी गेज लावून तपासल्याशिवाय वापरू नका.

हेच यंत्र मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींतही असतं, डक्टमध्ये, दर काही मजल्यांवर. गच्चीच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की एक किलो दाब वाढतो, म्हणजे वीस मजले खाली सुमारे सहा किलो. तिथेही बैठकीवर कण अडकतो, आणि पहाटे खालच्या मजल्यांवरच्या फ्लशच्या टाक्या आपोआप वाहू लागतात. सोसायटीच्या प्लंबरला काटा दुपारी नाही, पहाटे चार वाजता बघायला सांगा.

आणि आरव्ही घेऊन निघणाऱ्यांना एक विनंती. दिवसभर फिरायला जाताना गाडीच्या पायरीवरून उतरलात की आधी नळाची दांडी खाली करा. रेग्युलेटर चांगला असो वा वाईट, बंद नळातून पाणी गाडीत शिरत नाही.